विशेष गरजा आणि समावेशक अध्यापन: पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा निवडावा?

प्रश्न: वर्गशिक्षिका

मी ९ वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवते आहे. यंदा माझ्या वर्गात एक मुलगा आहे. ऐकलेल्या गोष्टीतले बारकावे तो नेमके सांगतो, पण फळ्यावरचा मजकूर उतरवून घेताना हमखास मागे पडतो. परवा मी त्याच्या मागे उभी राहून मोजले, तर सहा शब्दांच्या एका ओळीसाठी त्याने १९ वेळा मान वर करून फळ्याकडे पाहिले. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकात दोनदा पडला आहे आणि त्यांतला एक माझ्या हातचा आहे. ते मनाला फार लागले, म्हणून या विषयाचा रीतसर अभ्यास करायचे ठरवले आहे.

मला दोन प्रकारचे अभ्यासक्रम दिसतात. एकात दृष्टिदोष, श्रवणदोष, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांपैकी एक क्षेत्र निवडून त्यात प्रावीण्य मिळवायचे असते. दुसऱ्यात सर्व प्रकारची मुले एकत्र शिकतील असा वर्ग कसा घडवावा, यावर भर असतो. नोकरी सोडणे शक्य नाही. यांतला कोणता निवडावा आणि निवडताना काय पारखून घ्यावे?

उत्तर: साधनकक्ष

मी दुसऱ्या प्रकारचा अभ्यासक्रम नोकरी करत पूर्ण केला, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले आहे. वर्गवारीपासून सुरुवात करण्यातली अडचण जुनी आहे. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९७८ च्या अहवालात मुलांना अपंगत्वाच्या ठरीव कप्प्यांत टाकण्याऐवजी त्यांच्या शैक्षणिक गरजा पाहाव्यात अशी भूमिका घेतली आणि साधारण पाचांतल्या एका मुलाला शालेय जीवनात कधी ना कधी विशेष साहाय्य लागू शकते असा अंदाज मांडला. म्हणजे ही मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात आणि त्यांतल्या अनेकांजवळ अपंगत्वाचे कोणतेही प्रमाणपत्र नसते. पुढे स्पेनमधल्या सालामांका इथे भरलेल्या जागतिक परिषदेच्या १९९४ च्या जाहीरनाम्याने सर्वसाधारण शाळांनीच त्यांना सामावून घ्यावे असे म्हटले.

अभ्यासक्रम निवडताना मात्र विषयांच्या यादीवर जाऊ नका. प्रबंध कसा करून घेतात आणि प्रात्यक्षिके कुठे होतात, हे विचारा. आमच्याकडे एकाच मुलावर केलेला अभ्यास प्रबंध म्हणून चालत असे: आधी काही दिवस कोणताही बदल न करता फक्त नोंदी घ्यायच्या, मग शिकवण्यात एकच बदल करायचा आणि नोंदी पुढे चालू ठेवायच्या. तुम्ही १९ वेळा मोजलेत, ती पहिली नोंद झालीच आहे. तोच मजकूर चिठ्ठीवर लिहून त्याच्या बाकावर ठेवला, तर आकडा किती उतरतो ते आठवडाभर पाहा. उतरला, तर अडचण फळ्यावरून वहीपर्यंत अक्षरे लक्षात ठेवण्यात असू शकते किंवा दूरच्या नजरेत. म्हणून डोळ्यांची तपासणी सर्वांत आधी करून घ्या. नोकरी चालू असणे इथे सोयीचेच ठरते, कारण सोमवारी वाचलेले मंगळवारी वर्गात करून पाहता येते.

उत्तर: ठिपके

साधनकक्ष यांचे बरेचसे म्हणणे मान्य आहे, तरी एक धोका सांगितलाच पाहिजे. मी दृष्टिहीन मुलांना शिकवते. सर्वांसाठी चांगले अध्यापन कितीही मनापासून केले, तरी ब्रेलच्या सहा ठिपक्यांवरून बोटे कशी फिरवायची हे शिकवणारे कुणी नसेल, तर ते मूल वर्गात असूनही निरक्षर राहते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारातले २४ वे कलम सर्व स्तरांवर समावेशक शिक्षणाची मागणी करते आणि त्याच कलमात ब्रेल व सांकेतिक भाषा शिकण्याची सोय करण्याचेही बंधन घालते. स्वतः वॉर्नॉक यांनीही २००५ मध्ये समावेशनाच्या धोरणाचा फेरविचार व्हावा असे जाहीरपणे लिहिले होते. म्हणून माझा सल्ला असा की तुमचा अभ्यासक्रम समावेशक असावा, पण त्यात किमान एक कौशल्य हाताला पक्के बसेपर्यंत शिकवले जात असावे. तुमच्या बाबतीत ते वाचन-लेखनातल्या अडचणींचे निदानात्मक मूल्यमापन (मूल नेमके कुठे अडते ते तपासणे) आणि त्यावरचे टप्प्याटप्प्याचे अध्यापन असावे असे वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर: वर्गशिक्षिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘कोणता प्रकार’ हा प्रश्न मी चुकीच्या टोकाने धरला होता, हे लक्षात आले. आता चौकशीच्या पत्रात दोनच गोष्टी विचारते आहे: स्वतःच्या वर्गातल्या एका मुलावरचा अभ्यास प्रबंध म्हणून स्वीकारतात का, आणि वाचनाच्या मूल्यमापनाचे प्रात्यक्षिक कुणाच्या देखरेखीखाली, किती तास होते. पालकांना भेटून नेत्रतपासणीविषयी बोलले आहे. चिठ्ठी आजपासून बाकावर ठेवली. पहिल्या ओळीला त्याने सात वेळा मान हलवली. एका दिवसावरून काही ठरवत नाही, नोंदी चालू ठेवते.