मदत हवी आहे: घरातलं धान्य संपत आलंय, नागपूरचं कार्ड नाही, रेशन लगेच कसं मिळेल?

कळमना_रोड: कळमन्याजवळ भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका बांधकाम मजुराच्या कुटुंबासाठी विचारतोय. कर्त्या माणसाचा पाय मोडलाय, मजुरी बंद, तांदूळ दोन दिवस पुरेल एवढाच. त्याचं, त्याच्या आईचं आणि ८ वर्षांच्या मुलीचं नाव मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कार्डात आहे. बायकोचं अजून माहेरी, तुमसरच्या कार्डात. ३ वर्षांच्या मुलाचं कुठेच नाही. इथे नवीन कार्ड काढायला टाकावं का? दुकानदार म्हणतो, बाहेरचं कार्ड चालत नाही.

पारडीकर: चालतं. 'एक देश एक रेशन कार्ड'मध्ये मध्य प्रदेशचं कार्ड नागपुरातल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं, वेगळा अर्ज लागत नाही. कार्ड अन्नसुरक्षा योजनेतलं हवं आणि आधार जोडलेलं हवं, इतकंच. बालाघाटकडे 'पात्रता पर्ची' (धान्याला पात्र असल्याची चिठ्ठी) मिळत असेल तर ते योजनेत आहेत असं समजा. आईला कार्डाचा नंबर आणि आधार घेऊन पाठवा, पाय मोडलेल्या माणसाला ओढत नेऊ नका. तिघांचे माणशी ५ प्रमाणे १५ किलो, तेही मोफत. अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांचं) कार्ड असेल तर माणशी हिशेब नाही, कार्डामागे ३५ किलो.

गावाकडे कोणी या महिन्याचं उचललंय का, ते आधी फोन करून विचारा. उचललं असेल तर दुकानातलं अंगठा घेणारं पॉस मशीन शिल्लक शून्य दाखवतं आणि दुकानदारावर उगाच आळ येतो.

बायकोनेही स्वतःच्या आधारावर तुमसरच्या कार्डातून धान्य घ्यावं. मात्र आपल्या वाट्याचे ५ किलोच मागावेत. मशीनवर पूर्ण कार्डाचं धान्य दिसतं, आणि सगळं उचललं तर माहेरचे रिकाम्या हाताने परततात.

कळमना_रोड: आईचा अंगठा उमटत नाही. विटा-रेती उचलून बोटं घासली आहेत.

पारडीकर: हात धुऊन, कोरडे करून दहाही बोटं लावून पाहा. नव्या पॉस मशीनला डोळ्याचं स्कॅनर असतं, ते वापरायला सांगा. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) बाकी दाखवत असेल तर तिथेच करून मागा, त्याचे पैसे नसतात. पावती घ्या आणि वजन काट्यावर पाहा. महिनाअखेरीस दुकानातला साठा आटतो, म्हणून उद्याच जा. तरी नाही म्हणाला तर फलकावरचा दुकान क्रमांक टिपून १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर तक्रार द्या.

अन्नहक्क: लहान मुलासाठी कार्ड लागतच नाही. ६ महिने ते ६ वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांचा आहार अंगणवाडीतून मिळतो, उद्याच नाव नोंदवा. मुलगी सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर दुपारचा पोषण आहार तिथेच. धान्य हाती येईपर्यंत जवळ शिवभोजन केंद्र सुरू आहे का ते पाहा. १० रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. थाळ्या ठरावीक असतात, लवकर गाठा.

नवीन कार्डाबद्दल मात्र गैरसमज नको. केशरी कार्ड हातात आलं म्हणजे धान्य सुरू झालं असं नाही. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी (माणशी धान्य मिळणाऱ्या गटासाठी) वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. त्यात बसलात तरी इष्टांकात, म्हणजे सरकारने ठरवलेल्या लाभार्थी-संख्येत, जागा असावी लागते. कार्ड आहे पण धान्य नाही, अशी कितीतरी कुटुंबं इथेच अडकलेली दिसतात. म्हणून बालाघाटचं नाव घाईने कापू नका, नाहीतर तिकडचंही बंद आणि इकडचंही नाही. इथेच कायम राहायचं ठरलं तरच नवीन कार्डाचा अर्ज, नमुना १, भरा. शहराचं काम अन्नधान्य वितरण अधिकाऱ्यांच्या परिमंडळ कार्यालयात होतं. उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांची आधार, भाडेकरार किंवा घरमालकाचं संमतीपत्र आणि लाइट बिल जोडा. नाव कमी केल्याचा दाखलाही लागतो, कारण एक आधार दोन कार्डांत आलं की अर्ज तिथेच अडतो.

कळमना_रोड: आणि लहान मुलाचं नाव?

अन्नहक्क: ते सध्या बालाघाटच्याच कार्डात वाढवा, वडिलांचं नाव तिथे आहे. तिकडे समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) लागतो, तो मुलाचा आधी काढून घ्यावा लागेल. जन्मदाखला नसेल तर सगळं थांबतं. जन्म नागपूरला झाला असेल तर दाखला महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून घ्या.