बेलापूर की शहाबाज? फलक कोरण्याआधी बोलूया

खाडीकाठ

नवी मुंबईतल्या आपल्या गावात नवी कमान उभी राहतेय. तिच्या खांबावर गावाच्या नावाचा इतिहास सांगणारा दगडी फलक बसणार आहे आणि त्याचा मसुदा गेल्या आठवड्यात सगळ्यांच्या हाती आला. चार ओळी आहेत. किल्ला पोर्तुगीजांकडून मिळाला तर अमृतेश्वराला बेलपानांचा हार वाहीन असा नवस चिमाजी अप्पांनी केला, १७३३ साली किल्ला सर झाला, नवस फेडला, आणि त्या बेलावरून गावाला बेलापूर म्हणू लागले. संपलं. शहाबाज हा शब्द त्यात कुठेच नाही.

मी शहाबाजचा. आमच्या सातबाऱ्यावर 'मौजे शहाबाज' आहे. लग्नपत्रिकेवर आम्ही 'मु. शहाबाज, पो. बेलापूर' छापतो. बहिणीच्या हळदीला धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी, आली होती, ऐंशीच्या पुढची. मांडवात पाटावर बसून तिने एकेका देवाला हाक मारली, गावदेवीपासून वेशीवरच्या चेड्यापर्यंत, आणि दर वेळी गावाचं नाव घेतलं. शाबाज. असं, मधला 'हा' गिळून. बेलापूर तिच्या तोंडून एकदाही आलं नाही. नंतर मी आजीला विचारलं, तर म्हणाली, "आपला गाव शाबाज. बेलापूर तं टेशनाचा नाव."

नवसाची गोष्ट मला प्रिय आहे. लहानपणी किल्ल्याच्या बुरुजाखाली बसून ऐकलीय. पण फलकावर ती 'असे सांगतात' म्हणून यावी, घडलेली गोष्ट म्हणून नको. नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दुसरं बेलापूर आहे. त्याचा ना या किल्ल्याशी संबंध, ना या नवसाशी, तरी नाव बेलापूरच. घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, ही गोष्टसुद्धा आपल्याच जिल्ह्यात सांगतात. नाव आधी असतं, गोष्ट मागून येते, आणि गोड असली की मुक्काम करते. त्या गोष्टीपायी आजीच्या तोंडचं नाव पुसलं जाणार असेल तर मला ते मंजूर नाही.

बेलपत्र

मसुदा लिहिणाऱ्यांत मी आहे, तेव्हा उत्तर देणं माझं काम.

वसई घेताना चिमाजी अप्पा वज्रेश्वरीला नवस बोलले आणि १७३९ ला वसई पडल्यावर देवीचं देऊळ बांधलं गेलं, हे आपण सगळे मानतो. शिमग्या-पाडव्याला तिथे जाऊन गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करून येतो. तोच सेनापती, तोच शत्रू, तोच मुलूख. मग बेलाचा नवस तेवढा मागून रचलेला कसा? देऊळ दगडाचं, म्हणून टिकलं. बेलाचा हार दुसऱ्या दिवशी सुकतो. त्याचा पुरावा आम्ही कुठून आणायचा?

आणि आपल्या काठावरची नावं बघा. वाशी, तुर्भे, घणसोली, ऐरोली, नेरूळ, करावे, दारावे. यात 'पूर' दिसतं का? आगऱ्या-कोळ्यांनी खाजणं बांधून वसवलेल्या गावाला 'पूर' कोण लावतो? 'पूर' लावतो तो राज्यकर्ता. ते मराठे होते असं आमचे वाडवडील सांगत आले. त्यांच्याकडे ताम्रपट नव्हता, पण पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट सांगितली जाते तिलाही काही वजन आहे. नगरच्या बेलापूरचं कारण वेगळं असेल. एकाच नावाची दोन गावं दोन कारणांनी होऊ शकतात.

ठाणेकर मास्तर

सुकलेल्या हाराचा मुद्दा मला पटला. जे टिकत नाही ते घडलंच नाही असं म्हणता येत नाही. पण तुमच्या मसुद्यात साल अडतं. चिमाजी अप्पांची पोर्तुगीजांवरची साष्टीची मोहीम मार्च १७३७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यापासून सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईला संपली. १७३३ साली मराठ्यांची मोठी चढाई जंजिऱ्याच्या सिद्दीवर होती आणि तिकडे स्वतः बाजीराव होते. म्हणजे मसुद्यातलं साल आणि मसुद्यातले सेनापती यांचा मेळ बसत नाही. कागदावरची चूक खोडता येते, दगडावरची कशी खोडणार?

नावाला पुरावा कसा असतो ते ठाण्यावरून दाखवतो, कारण माझं सगळं आयुष्य तिथे गेलं. शिलाहार राजांच्या ताम्रपटांत 'श्रीस्थानक' असं लिहिलेलं आहे. स्थानकाचं ठाणक, ठाणं, ठाणे. मधली पायरीन्‌पायरी बोलीत सापडते. साष्टी म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावांचा मुलूख. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचंच साल्सेट झालं. शूर्पारकाचं सोपारा. यांतल्या एकाही नावाला नवस लागला नाही. ताम्रपटात दान दिलेल्या जमिनीची हद्द सांगताना शेजारची गावं, ओढे, झाडंसुद्धा नोंदलेली असतात. आपली गावं खरी जगली ती अशा नोंदींत, आणि तुमच्या सातबाऱ्यातही. म्हणून 'मौजे शहाबाज' हा माझ्या लेखी या सगळ्या वादातला सर्वांत भक्कम कागद.

सह्याद्रीपुत्र

पुराव्याचं ठीक आहे, पण पुरावा कशाचा याचाही विचार करा. शहाबाज हा फारसी शब्द, शाही ससाणा. किल्ला सिद्दीचा, नंतर पोर्तुगीजांचा. त्या दोन सत्तांच्या काळातलं हे नाव. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो फारसी शब्दांच्या जागी आपले शब्द यावेत म्हणून. त्या धन्याच्या वारसांनी किल्ला घेतला आणि गावाला बेलाचं नाव मिळालं, शंकराला प्रिय असलेलं. कमानीखालून माझी मुलं जातील तेव्हा त्यांनी तेच वाचावं. शहाबाज सातबाऱ्यात राहू दे, मी ते फाडा म्हणत नाही. पण वेशीवर नको.

खाडीकाठ

सह्याद्रीपुत्र, तुम्ही मनापासून लिहिलंत, मीही मनापासूनच लिहितो. मसुद्याच्या पहिल्याच ओळीत 'किल्ला' आहे. तो अरबी. तुम्ही पोर्तुगीजांना बोलताना 'फिरंगी' म्हणता, तो फारसीतून आला. बुरूज, फौज, बंदर, दर्या, सगळे तिकडचे आणि आज सगळे आपले. महाराजांच्या वडिलांचं नाव शहाजी. त्यातला 'शहा' आपल्याला कधी परका वाटला नाही, कारण ते नाव जिजाऊंच्या कुंकवाचं आहे.

राज्यव्यवहारकोश दप्तरासाठी होता. गावांची नावं बदलायला तो माझ्या पणजोबांच्या दारात आला नाही. ते भरती-ओहोटी बघून बांधाची उघाडी उघडायचे, खारं पाणी शिरू नये म्हणून रात्री कंदील घेऊन बांधावर बसायचे आणि त्या बांधाच्या आतल्या भातशेतीला शाबाजची खार म्हणायचे. नाव देणाऱ्या सरदाराचा आज पत्ता नाही. नाव राखलं ते या माणसांनी.

बेलपत्र, 'पूर'वरचं तुमचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घोळवतोय. त्यात जीव आहे. राज्यकर्त्याने दिलेलं नाव असेल हे मला मान्य. पण मग त्याखाली आधीचं गाव होतं हेही ओघाने आलं ना? तेच तर मी म्हणतोय.

बेलपाड्याची सून

मेट्रोने बेलापूर टर्मिनलवरून निघालं की थोड्याच वेळात बेलपाडा लागतं. तिथे माझं सासर. बेल तिथेही आहे, पण 'पाडा' लावून. पाडा काही राज्यकर्ते वसवत नाहीत, तो आपल्याच माणसांचा असतो. डोंगराच्या या अंगाला बेलाची झाडं असतील आणि लोकांनी झाडावरून हाक मारली असेल, एवढं साधं असू नये का? माझ्या सासूबाई श्रावणी सोमवारी अजून पारसिकच्या अंगाचा बेल आणतात. मला स्वतःला नवसापेक्षा हे जवळचं वाटतं.

दारावेकर

तुम्ही दोन नावांवर भांडताय, आणि पत्ता लिहिताना दोन्ही गळतात. सीबीडी, सेक्टर १९. कुरियरवाल्याला शहाबाज माहीत नाही.

१९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघरकडे शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. ती मिळवताना प्रत्येक फाइलवर गावाचं नाव होतं, सेक्टरचा नंबर नव्हता. आमच्या स्टेशनाच्या नावात नुसतं सीवूड्स राहिलं असतं. आज त्याला 'दारावे' जोडलेलं आहे. रोज संध्याकाळी लोकलमध्ये स्टेशनाच्या नावात 'दारावे' ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो, अजूनही. तुमच्या स्टेशनावर सीबीडी आहे, बेलापूर आहे, शहाबाज नाही. मग कमानीवरही ते नसेल, तर ते राहणार कुठे? धवलारीण गेल्यावर?

बेलपत्र

दारावेकरांचं शेवटचं वाक्य वाचून मी गप्प झालो. माझी आईसुद्धा शाबाजच म्हणायची.

साल काढतो, मास्तरांचं बरोबर आहे. 'असे सांगतात' घालायला माझं मन अजून तयार नाही. जी गोष्ट मी वडिलांच्या मांडीवर ऐकली तिच्यापुढे शंका कोरायची, हे जड जातं. 'पूर्वापार ऐकत आलो' असं लिहू, तेवढं मी करीन. शहाबाजही घेऊ. पण वर मोठ्या अक्षरांत बेलापूर, खाली शहाबाज.

सह्याद्रीपुत्र

मला तरीही मान्य नाही. बैठकीत मी विरोधात हात वर करणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

खाडीकाठ

बेलपत्र, 'पूर्वापार ऐकत आलो' मला चालेल. खरं तर माझ्या शब्दांपेक्षा ते बरं आहे.

क्रम मात्र चालणार नाही. ही कमान बेलापूर स्टेशनाची नाही, आमच्या गावठाणाची आहे. मी असं लिहून आणतो: 'मौजे शहाबाज. किल्ल्याखालचे हे गाव पुढे बेलापूर या नावानेही ओळखले जाऊ लागले. चिमाजी अप्पांनी अमृतेश्वराला बेलाचा हार वाहिला म्हणून हे नाव पडले, असे आम्ही पूर्वापार ऐकत आलो.' दगडवाल्याला मंगळवारपर्यंत मजकूर हवाय. रविवारी संध्याकाळी गावदेवीच्या देवळात बसू. सह्याद्रीपुत्र, तुम्हीही या. मी आजीला घेऊन येतोय.