मदत हवी आहे : ऑक्सालिप्लॅटिन या केमोच्या औषधानंतरचे पाच दिवस प्रथिनं कशी भरून काढायची?

वडील, वय ६३, वजन ५२ किलो (दोन महिन्यांपूर्वी ५६). मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑक्सालिप्लॅटिन सलाईनमधून, सोबत १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, दर २१ दिवसांनी. दुसरी फेरी झाली. शुगर नाही, किडनी ठीक, तोंड आलेलं नाही, जुलाबही नाहीत. वजन घटल्याचं डॉक्टरांना सांगितलंय. उलटीची गोळी चालू आहे.

पेच असा : मळमळीला गार खाणं बरं पडतं, पण या औषधात गार काही लागलं की घशात टाचण्या टोचतात. आणि गरम केलं की वास सुटतो. फ्रिजमधून काढून अर्धा तास ठेवलेलं दहीसुद्धा टोचलं.

आहारतज्ज्ञांनी रोज ६५ ग्रॅम प्रथिनं सांगितलीत, जेमतेम ३५ जातात. मटणाचं अळणी पाणी वासानंच परत जातं (आणि नुसत्या पाण्यात प्रथिनं कितीशी!). उकडलेलं अंडं नको म्हणतात. बिनफोडणीचं मुगाचं कढण पोटात टिकतं, पण वाटीभरात चार-पाच ग्रॅमच. प्रोटीन पावडर उकळत्या दुधात घातली तर गुठळ्या झाल्या.

दूधकट्ट्यावरचं न तापवलेलं धारोष्ण दूध सुचवू नका, पांढऱ्या पेशी कमी आहेत. काढे, अर्कही नकोत. कॅपेसिटाबिनची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यायची असते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पोटात काहीतरी हवंच.

घरच्या तापमानाला खाता येईल, वास येणार नाही, तिखट नसेल आणि वाटीभरात १०-१२ ग्रॅम प्रथिनं देईल असं तुम्ही काय करून घालता, आणि केल्यावर किती वेळात संपवायचं?