५.९ कमिन्स पिकअपला जड ट्रॅव्हल ट्रेलर: आधी काय बदलावं?

डेन्व्हरकर:
२००६ ची डॉज रॅम २५०० पिकअप, ५.९ लिटर कमिन्स डिझेल इंजिन, ४८आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सगळं मूळचंच आहे. सामानासकट ८,५०० पाउंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर (मागे ओढायचं फिरतं घर) आय-७० महामार्गाने कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्यापलीकडे न्यायचा आहे. घरचे चौघं बरोबर. ट्यूनर (इंजिनाची ताकद वाढवणारं उपकरण), मोठा एक्झॉस्ट आणि मागे एअरबॅग (मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) असा बेत आहे. चालेल का?

तेलपाणी:
ट्यूनर सर्वांत शेवटी, लागलाच तर. मूळचे ३२५ हॉर्सपॉवर आणि ६१० पाउंड-फूट टॉर्क या वजनाला भरपूर आहेत. आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पेलोडचं (गाडीवर माणसं-सामान मिळून किती वजन चालेल त्याचं) स्टिकर वाचा. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या सांध्यावर) येतो. १३ टक्के धरले तर ११०० पाउंड. माणसं-सामान ७००, हिच १००. झाले १,९००. स्टिकरवर २,१०० असतील तर हातात २०० उरले. एअरबॅगने मागचा भाग उचलला जातो, पेलोड वाढत नाही; ॲक्सल, टायर, ब्रेक तेच राहतात. रिसीव्हरच्या (हिच बसते त्या ट्रकमागच्या चौकोनी नळीच्या) लेबलवरही बघा: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ताणलेल्या बारांनी भार पुढच्या चाकांकडेही वाटणारा) नसताना चालणारा आकडा बराच कमी असतो.

घाटरस्ता:
वरच्या मुद्द्याला जोडून. तुमच्या गाडीत खरा कमकुवत भाग गिअरबॉक्स आहे. चढावर वेग कमी झाला की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) अनलॉक होतो आणि तेल तिथेच तापतं. म्हणून ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद करा, आरपीएम २,००० च्या वर ठेवा आणि कन्व्हर्टर लॉक राहील असा गिअर धरा. तेलाच्या तापमानाचा गेज लावाच. पॅनमध्ये २२० फॅरनहाइटच्या वर जाऊ लागलं तर वेग आणि गिअर दोन्ही कमी करा. गिअरबॉक्सचं तेल एटीएफ+४ प्रतीचंच, आणि ते बदलताना आतले बँड (ड्रम आवळणारे पट्टे) ॲडजस्ट करून घ्या. रेडिएटर, इंटरकूलर, एसी कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत अडकलेला कचरा काढा. तापण्याचं कारण कित्येकदा तिथेच सापडतं.

डेन्व्हरकर:
उतारावर काय? एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) लावू का?

घाटरस्ता:
लावा, या इंजिनाला मूळचा येत नाही. पण ४८आरईवर तो कन्व्हर्टर लॉक असेल तरच धरतो, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गिअरबॉक्सचा लाइन प्रेशर (आतल्या तेलाचा दाब) कमी पडला तर क्लच घसरून जळतात. बसवणाऱ्याला लॉकअप आणि प्रेशर दोन्हींचं काय करणार ते आधीच विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर दुसरं वर्कशॉप बघा.

तेलपाणी:
ट्रेलरचे ब्रेक मात्र याहून आधी. प्रोपोर्शनल ब्रेक कंट्रोलर (ट्रक जितक्या जोरात थांबतो तितक्याच जोरात ट्रेलरचे ब्रेक लावणारा) घ्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ मैलांवर हाताने त्याचा लिव्हर दाबा. चाकं लॉक होण्याच्या किंचित अलीकडे गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) ठेवा. दोन ॲक्सलच्या चार ब्रेक मॅग्नेटना मिळून साधारण १२ अँपिअर लागतात. ६ च दिसले तर अर्थिंग किंवा वायर खराब आहे, गेन वाढवून ते झाकू नका.

वजनकाटा:
वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावताना क्रम असा. ट्रक समतल जागी, पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. एअरबॅग असतील तर ५ पीएसआयवर आणा. ट्रेलर जोडा, बार न लावता पुन्हा मोजा. पुढचं टोक जितकं उचललं गेलं, त्याच्या निदान निम्मं बार ताणून खाली आणा. हवा त्यानंतरच, थोडीच. आधी हवा भरली तर पुढच्या ॲक्सलवरचा गेलेला भार परत येत नाही, आणि स्टिअरिंग हलकं पडतं.

मग ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) तीन फेऱ्या: जोडून बारसह, जोडून बाराविना, आणि नुसता ट्रक. शेवटच्या दोन्हींत ट्रकच्या ॲक्सलांवरचा फरक म्हणजे हिचवरचा खरा भार. टाक्या आणि सामान प्रवासाला भराल तसेच भरलेले असू देत.

घाटरस्ता:
ट्यूनर घ्यायचाच असेल तर आधी पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा गेज), प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये. १,२५० फॅरनहाइटला पाय उचला. ११,००० फुटांवर हवा विरळ असते, तिथे तापमान खालच्यापेक्षा लवकर चढतं.