चिपीच्या विमानाला आई हवी की नको?

कातळावरचा: ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं. व्यासपीठावर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकत्र, त्यामुळे टीव्हीवाल्यांना विमान दिसलंच नाही. विमान होतं अलायन्स एअरचं, पंख्यांचं एटीआर. पंख डोक्यावर, त्यामुळे खिडकीतून खाली सगळं मोकळं दिसतं: खाडी, माड आणि मग एकदम काळा सडा, म्हणजे सपाट कातळ.

ही कंपनी १९९६ साली इंडियन एअरलाइन्सच्या पोटी जन्मली, पुढे एअर इंडियाकडे आली. जानेवारी २०२२ मध्ये आई टाटांकडे गेली, लेक सरकारकडेच राहिली. एप्रिलपासून तिकीट वेगळं, कोडही वेगळा. म्हणजे चिपीला आईची माया मिळाली जेमतेम सहा महिने. माझं म्हणणं, छोट्या गावाला मोठ्या कंपनीची उपकंपनीच हवी. एकाच तिकिटावर पुढचं विमान, बॅग थेट, आणि पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय तीच कंपनी करणार.

सडेतोड: कसली माया? एअर इंडिया स्वतःच गळ्यापर्यंत कर्जात होती. चिपीचं विमान चाललं ते ‘उडान’ या सरकारी योजनेच्या पैशावर. निम्म्या खुर्च्यांचं भाडं बांधलेलं, तूट सरकार भरणार, तीही तीनच वर्षं. २०२४ मध्ये मुदत संपली आणि मुंबईचं विमान थांबलं. आई असती तरी हेच झालं असतं. उलट मोठ्या घरात विमान कमी पडलं की आधी कोणाचं काढतात? धाकटीचंच.

कातळावरचा: कोलकात्याहून घरी येताना माझी दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं होती. पहिलं विमान दीड तास लेट, दुसरं गेलं. काउंटरवर उत्तर मिळालं, “सर, ते तिकीट आमचं नाही.” रात्रभर विमानतळावर मी आणि मिष्टी दह्याचं मडकं. सकाळी नवं तिकीट, दही फुटलेलं. एवढं झाल्यावर माणूस आई मागणारच.

चाकरमानी परळ: तुमी विमानाच्या आवशी-बापाशीवरून भांडतास. माझा तुतारी एक्सप्रेसचा गणपतीचा तिकीट वेटिंगात आसा, त्याचा कोण बघता काय? विमान सत्तर माणसांचा. आमच्या एका वाडीचे चाकरमानी त्यात मावूचे नाय.

हवाईदप्तर: दोघंही एक गोष्ट सोडताय. अमेरिकेत एन्व्हॉय ही अमेरिकन एअरलाइन्सचीच कंपनी. तिकिटावर नाव आईचं, विमान उडवणार लेक. ही पद्धत रुजली ती काही गावांच्या प्रेमापोटी नव्हे. मोठ्या कंपनीच्या वैमानिकांच्या पगारात ७६ खुर्च्यांचं विमान परवडत नाही, म्हणून कमी पगाराची वेगळी चूल. आणि त्या वैमानिकांच्या युनियनने करारातच मर्यादा घालून ठेवली आहे, लेकीने याहून मोठं विमान उडवायचं नाही. आपल्याकडे इंडिगो जेट आणि एटीआर एकाच नावाखाली चालवते, वेगळी कंपनी काढलेली नाही. तरी तिकीट एक आणि बॅग थेट. कातळावरचा यांना हवं ते असंही मिळतं.

सडेतोड: आणि आई नसलेलीही आली की! गोव्याची फ्लाय ९१, सगळी एटीआर, चिपीला उतरली. खरी सवत आहे गोव्याचं मोपा विमानतळ. जानेवारी २०२३ पासून तिथे जेट येतात, दिवसाला कितीतरी. बांदा-दोडामार्गवाला चिपीला कशाला येईल? आईचं नाव बदलून हे अंतर बदलणार आहे का?

कातळावरचा: मोपाचं मान्य. बांद्याचा माणूस गेला, जाऊ दे. पण मालवण, वेंगुर्ला, देवगड? देवगडवाल्याने अख्खा सिंधुदुर्ग ओलांडून गोव्यात जायचं आणि चिपीचा अडीच किलोमीटरचा रनवे शिल्लक? इंडिगोसारखी सोय चालेल मला, उपकंपनीचा हट्ट सोडला. फ्लाय ९१सारख्या एकट्या कंपनीचा मात्र भरवसा वाटत नाही.

चाकरमानी परळ: देवगडवालो मोपाक जाता तो आंबो घेवन, आणि तो ट्रकान जाता. बरां, तुतारीचा वेटिंग अठ्ठावीसवर इला.