हायब्रिडचा हिशेब आमच्या रस्त्यावर मांडून पाहा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की हायब्रिड गाडीला, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटारही असलेल्या गाडीला, साध्या पेट्रोल गाडीपेक्षा लागणारे जास्तीचे तीन लाख तीन वर्षांत वाचलेल्या पेट्रोलमधून निघतात. पुण्यात रोज सिग्नलवर अडकणाऱ्याचे लवकर निघतीलही. ब्रेक दाबताना वाया जाणारी ताकद बॅटरीत परत जाते, कमी वेगात इंजिन बंद ठेवूनही गाडी चालते. पण मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातला. यवतमाळ, कधीमधी नागपूर, एवढंच फिरणं. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच कमी लागतो, मग बॅटरीत परत जाणार काय?

वर्षाला 12,000 किमी धरा. साधी गाडी लिटरला 15 आणि हायब्रिड 22 देते असं माना, तेही आमच्या रस्त्यावर जरा जास्तच झालं. 800 लिटरच्या जागी 545 लिटर लागलं. 105 रुपयांच्या भावानं वाचले सुमारे 27,000. म्हणजे तीन लाख फिटायला अकरा वर्षं! कर्जाचं व्याज वेगळंच.

वर्षाला 40,000 किमी फिरणाऱ्यानं जरूर घ्यावी, त्याचे साडेतीन वर्षांत निघतात. मी मात्र कापसाचे पैसे आले की ठिबक आणि विहिरीवरची मोटार आधी बघणार.