पेट्रोल भरल्यानंतर गाडी लवकर सुरू होत नाही, आणि चेक इंजिनचा दिवाही पुन्हा पुन्हा लागतो

प्रश्न : सारथी
माझ्याकडे जुनी घेतलेली पेट्रोल गाडी आहे. काही काळापूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला, तेव्हा गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी०४४२, म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत लहान गळती, असा कोड आला. त्यांनी टाकीचे झाकण बदलून कोड पुसून दिला. दिवा काही दिवस बंद राहिला आणि मग पुन्हा लागला. या वेळी जुन्या कोडबरोबर पी०४४१ हाही कोड होता. आता कॅनिस्टर, पर्ज व्हॉल्व्ह आणि व्हेंट व्हॉल्व्ह हे तिन्ही भाग एकदम बदलावेत, असे मला सांगण्यात आले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली आहे, पण तिचा या कोडशी संबंध आहे की नाही हे मला कळत नाही. एरवी गाडी पहिल्याच स्टार्टरला सुरू होते. टाकी भरून निघताना मात्र बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, सुरू झाल्यावर इंजिन थोडा वेळ थरथरते आणि पेट्रोलचा उग्र वास येतो. खर्च करण्याआधी नेमका दोष कोणत्या भागात आहे हे घरच्या घरी तपासता येईल का?

उत्तर : पाना-पक्कड
आपण शेवटी लिहिलेले लक्षण दोन्ही कोडपेक्षा अधिक बोलके आहे, त्यामुळे आधी त्याच्याकडे पाहू.

टाकीत तयार होणारी पेट्रोलची वाफ बाहेर हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या कॅनिस्टरमध्ये साठवली जाते. इंजिन तापल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधली झडप) उघडतो. मग इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातील) व्हॅक्युममुळे व्हेंट व्हॉल्व्हमधून बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते, आणि कोळशात धरून ठेवलेली वाफ त्या हवेबरोबर इंजिनात जाऊन जळते. वीजपुरवठा नसताना पर्ज व्हॉल्व्ह बंद असतो आणि व्हेंट व्हॉल्व्ह उघडा असतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तरी पुढच्या बहुतेक चाचण्यांचा अर्थ आपोआप लागतो.

पेट्रोल भरताना टाकीतली दाट वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते. पर्ज व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकलेला असेल, तर स्टार्टर मारताच ती सगळी वाफ इंजिनात शिरते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण फार वाढते आणि गाडी सुरू व्हायला त्रास होतो. आपण वर्णन केलेला प्रकार नेमका हाच आहे. पी०४४१ म्हणजे पर्जचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही, आणि तोही याच्याशी जुळतो. पी०४४२ सुद्धा जुळू शकतो, कारण अनेक गाड्यांमध्ये यंत्रणेची सगळी तोंडे बंद करून आतला व्हॅक्युम टिकतो की नाही हे पाहिले जाते, आणि ज्या व्हॉल्व्हने एक तोंड बंद करायचे तोच नीट बसत नसेल, तर संगणकाला ती गळतीच वाटते. कोणती चाचणी फसली हे कोड सांगतो, कोणता भाग बिघडला हे सांगत नाही. म्हणूनच कोड वाचून थेट भाग बदलण्याला माझा ठाम विरोध आहे.

तपासणी पुढीलप्रमाणे करावी. इंजिन आयडलिंगवर ठेवून पर्ज व्हॉल्व्हचा विजेचा कनेक्टर काढावा. आता व्हॉल्व्ह पूर्ण बंदच असायला हवा. कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून सोडवून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवावे. बोट ओढले गेले, तर व्हॉल्व्ह आतून गळतो आहे हे निश्चित समजावे. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह बाहेर काढावा आणि हातपंपाने त्यावर व्हॅक्युम लावून पाहावा. वीज नसताना व्हॅक्युम टिकला पाहिजे आणि १२ व्होल्ट देताच सुटला पाहिजे. तोंडाने फुंकून पाहण्याची सवय अनेकांना असते, पण आत पेट्रोलची वाफ असल्याने ते टाळावे. नुसता ‘टक्’ असा आवाज आला म्हणून व्हॉल्व्ह ठीक आहे असेही मानू नये. आतला दांडा हलत असला, तरी बैठकीवर कचरा असेल तर तो घट्ट बसत नाही.

हे काम मोकळ्या हवेत आणि इंजिन थंड असताना सुरू करावे, आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी असू नये.

उत्तर : धूररेषा
वरील उत्तराशी मी सहमत आहे. पर्ज व्हॉल्व्ह निर्दोष निघाला, तर पुढची पायरी स्मोक टेस्टची, म्हणजे यंत्रणेत धूर सोडून गळती शोधण्याची, असेल, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. या चाचणीत धूर अत्यंत कमी दाबाने, साधारण अर्धा पीएसआय किंवा त्याहूनही कमी दाबाने, सोडावा लागतो. टायरमध्ये हवा भरण्याचा कंप्रेसर इथे कधीही जोडू नये. त्या दाबाने टाकीचा सेन्सर आणि नळ्यांचे सांधे फुटू शकतात, शिवाय पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळली तर स्फोटक मिश्रण तयार होते. धूर सोडण्यापूर्वी स्कॅनरवरून व्हेंट व्हॉल्व्ह बंद करायला सांगावे, नाहीतर धूर तिथूनच बाहेर पडेल आणि चांगल्या यंत्रणेतही गळती दिसेल.

गळतीच्या नेहमीच्या जागा म्हणजे टाकीच्या वर पेट्रोल पंपाखाली बसणारी रबरी रिंग, पेट्रोल भरण्याच्या नळीचा क्लॅम्पखाली गंजलेला भाग आणि कॅनिस्टरच्या नळ्यांचे झटपट जोड. पी०४४२ साठी साधारण १ मिलिमीटरचे आणि पी०४५६, म्हणजे त्याहून लहान गळतीच्या कोडसाठी, सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पुरते, त्यामुळे नुसत्या नजरेने शोधण्यात वेळ घालवू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : सारथी
आपण दोघांनी एवढे सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. कनेक्टर काढल्यानंतरही व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट स्पष्टपणे ओढले जात होते. व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटला, तेव्हा कॅनिस्टरकडच्या तोंडातून मोहरीपेक्षा थोडे मोठे काळे दाणे आणि काजळीसारखी बारीक पूड पडली. दाणे बोटांनी दाबल्यावर चुरले जातात. साफ करून पुन्हा लावल्यावर ओढ पुष्कळ कमी झाली. आता नवा व्हॉल्व्ह बसवला तर काम संपेल ना?

उत्तर : पाना-पक्कड
संपणार नाही, आणि हे व्हॉल्व्ह विकत घेण्याआधीच कळले हे फार बरे झाले. ते दाणे कॅनिस्टरमधल्या कोळशाचे आहेत. दाणे जागेवर राहावेत म्हणून कॅनिस्टरच्या आत जाळी किंवा फोमचा थर असतो. तो फाटला की पर्जच्या प्रत्येक वेळी थोडे दाणे हवेबरोबर निघतात आणि व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात. जुना कॅनिस्टर तसाच ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवला, तर त्याचीही तीच गत होईल.

त्यामुळे कॅनिस्टर बदलावा आणि त्यासोबत पर्ज व्हॉल्व्हही नवा घालावा, कारण दाण्यांनी बैठकीवर ओरखडे पाडलेले असतात आणि साफसफाईने ते जात नाहीत. दोन्हींच्या मधली नळी दोन्ही टोकांनी सोडवून हवेने स्वच्छ झटकून घ्यावी. ही पायरी बऱ्याचदा राहून जाते, मग नळीत उरलेले दाणे नव्या व्हॉल्व्हमध्ये येतात. व्हेंट व्हॉल्व्ह मात्र कॅनिस्टरचाच अविभाज्य भाग नसेल, तर तो तपासल्याशिवाय बदलू नये. तो बंद अडकलेला असता, तर पेट्रोल भरताना पंपाचे नोझल वारंवार आपोआप बंद झाले असते, आणि आपण तशी तक्रार केलेली नाही.

काढलेला कॅनिस्टर हातात घेऊन पाहावा. तो नव्यापेक्षा ठळकपणे जड लागला, किंवा त्यातून पेट्रोल ठिबकले, तर त्यात द्रवरूप पेट्रोल गेले आहे असे समजावे. नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरत राहणे हे त्याचे सर्वांत सामान्य कारण असते. गाडी आधी दुसऱ्याकडे होती, त्यामुळे सवय कोणाची होती हे महत्त्वाचे नाही. यापुढे नोझल बंद होताच थांबावे, एवढे पुरेसे आहे.

उत्तर : धूररेषा
दुरुस्तीनंतरच्या खात्रीबद्दल एक सूचना करतो. कोड पुसल्यावर दिवा विझतो, पण त्याबरोबर संगणकाने पूर्ण केलेल्या चाचण्यांची नोंदही पुसली जाते, म्हणून विझलेला दिवा हा दुरुस्तीचा पुरावा ठरत नाही. वाफेच्या यंत्रणेची चाचणी बहुतेक गाड्यांमध्ये टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असताना आणि इंजिन कित्येक तास थंड राहिल्यानंतरच सुरू होते. त्यामुळे टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवावी, गाडी रात्रभर उभी करून सकाळी नेहमीसारखी चालवावी, आणि स्कॅनरवर इव्हॅप मॉनिटर, म्हणजे याच चाचणीची नोंद, ‘पूर्ण’ दिसेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. त्यानंतर एकदा टाकी भरून लगेच स्टार्टर मारून पाहावा, आणि त्या वेळी स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक इंधन किती कमी-जास्त करतो आहे त्याचे, आकडेही पाहावेत. इंजिन पटकन सुरू झाले आणि ते आकडे उणे बाजूला फार झुकले नाहीत, तर पर्ज व्हॉल्व्ह आता घट्ट बंद होतो आहे असे खात्रीने म्हणता येईल.